क्लच गेला, ब्रेकचे काय?

कुर्ला पश्चिमेच्या बर्वे मार्गावर ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास 'बेस्ट'ची विजेवर चालणारी एक बस भरधाव वेगाने गर्दीत शिरली. वाटेत येईल त्या वाहनाला आणि पादचाऱ्याला धडका देत ती काही अंतर गेली आणि अखेर थांबली, तेव्हा रस्त्यावर रक्तामांसाचा सडा पडला होता. या अपघातात एकूण नऊ जणांचे प्राण गेले आणि चाळीसच्या आसपास माणसे जखमी झाली. अशा प्रसंगी उच्चारला जाणारा पहिला शब्द असतो 'ब्रेक फेल'. तो याही वेळी उच्चारला गेला. परंतु परिवहन विभागाच्या प्राथमिक तपासणीत बसचे ब्रेक चालू स्थितीत आढळल्याचे सांगण्यात आले आणि चर्चा वेगळ्याच मुद्द्याकडे वळली. चालकाचा आजवरचा अनुभव क्लच आणि गिअर असलेल्या लहान बसगाड्यांचा होता. गिअर नसलेली मोठी विद्युत बस तो अवघ्या काही दिवसांच्या प्रशिक्षणानंतर चालवू लागला होता. दोषाचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. मात्र त्या रात्रीने एक प्रश्न ऐरणीवर आणला. वाहनातून क्लच नाहीसा झाला की ब्रेक लावण्याची रीतही बदलते, हे चालकाला कुणी आणि केव्हा शिकवायचे?

हा प्रश्न बसचालकांपुरता मर्यादित नाही. भारतात ऑटोमॅटिक गाडी ही दीर्घकाळ श्रीमंतांची चैन होती. २०१४ मध्ये मारुती सुझुकीने 'सेलेरिओ' ही लहान गाडी एएमटी प्रकारच्या गिअरबॉक्ससह बाजारात आणली आणि हे चित्र पालटले. नेहमीच्याच गिअरबॉक्सवर क्लच दाबणारे व गिअर बदलणारे यंत्र बसवायचे, अशी ही स्वस्त युक्ती. ती इतर कंपन्यांनीही उचलली. पुणे-मुंबईच्या कोंडीत दर मिनिटाला क्लच दाबून डावा गुडघा धरलेल्या मध्यमवर्गीयाला ती वरदानच वाटली, आणि त्यात काही वावगे नव्हते. वीस-पंचवीस वर्षे क्लच-गिअरची गाडी चालवलेला माणूस शोरूममध्ये जातो, गाडीची पूजा होते, नारळ फुटतो, विक्रेता पडद्यावरची गाणी आणि मोबाइलची जोडणी कौतुकाने समजावतो आणि किल्ली हाती देतो. 'डी'मध्ये टाका आणि चालवा, बाकी काही करायचे नाही, एवढाच काय तो उपदेश. मराठीत आपण अशा गाडीला 'स्वयंचलित' म्हणतो. हा शब्दही थोडा फसवाच आहे. या गाडीत आपोआप होतो तो फक्त गिअरबदल. थांबणे अजूनही सर्वस्वी माणसाच्या उजव्या पायावर अवलंबून आहे, किंबहुना पूर्वीपेक्षा अधिक.

अधिक का, हे समजण्यासाठी क्लच नेमके काय करत होता ते पाहावे लागेल. क्लचचे काम गिअर बदलू देणे, एवढेच सर्वसाधारण चालकाला ठाऊक असते. वस्तुतः तो चालकाच्या नकळत एक संरक्षक जाळेही पुरवत असे. समोर अचानक मूल धावत आले की क्लच-गिअरच्या गाडीतील सरावलेला चालक दोन्ही पाय एकदमच दाबतो, डावा क्लचवर आणि उजवा ब्रेकवर. समजा घाबरगुंडीत उजवा पाय ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर पडला, तरी डाव्या पायाने इंजिन आणि चाके यांचा संबंध तोडलेला असतो. इंजिन नुसते किंचाळते, गाडीला जोर मिळत नाही, आणि त्या किंचाळण्यानेच चालक भानावर येतो. पार्किंगमध्ये क्लच चुकून झटकन सुटला तर गाडी आचका देऊन बंद पडते. नवशिक्याला त्याची लाज वाटते, पण त्या बंद पडण्याने कित्येक भिंती आणि कित्येक माणसे वाचली आहेत. ऑटोमॅटिक गाडीत हे जाळे नाही. तिथे चुकीच्या पेडलवर पडलेला पाय थेट चाकांपर्यंत पोहोचतो.

अमेरिकेने हा धडा १९८० च्या दशकात घेतला आहे. 'ऑडी ५०००' ही गाडी ब्रेकवर पाय असतानाही आपोआप उसळी मारते, अशा तक्रारी तेथे येऊ लागल्या. नोव्हेंबर १९८६ मध्ये सीबीएस वाहिनीच्या '६० मिनिट्स' या कार्यक्रमाने त्यांना देशव्यापी प्रसिद्धी दिली. १९८५ मध्ये अमेरिकेत ७४ हजारांच्या घरात असलेली ऑडीची वार्षिक विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांवर घसरली. दरम्यान, अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने सखोल तपास करून १९८९ मध्ये अहवाल दिला, तो तक्रारदारांना मुळीच रुचणारा नव्हता. अशा घटनांमागील मुख्य कारण यंत्रदोष नसून चालकाचा पाय चुकीच्या पेडलवर पडणे हे होते. कंपनीही त्यातून पूर्णपणे सुटली नाही. पेडलांची रचना अमेरिकी चालकाच्या सवयीपेक्षा वेगळी असल्याने चूक होण्यास वाव मिळत होता, हेही त्या तपासात नमूद झाले. पुढे ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा 'पी'मधून हलूच नये, अशी कळ ऑटोमॅटिक गाड्यांत सर्रास आली. आज भारतातील चालकाला जी गोष्ट कटकट वाटते, तिचा जन्म असा झाला आहे.

त्याच वर्षी रिचर्ड श्मिट या मानसशास्त्रज्ञाने या चुकीमागील कारण उलगडून दाखवले. माणसाला ब्रेकच दाबायचा असतो. त्याचा निर्णय योग्य असतो, फक्त पाय काही सेंटिमीटर चुकतो. आपण ब्रेकवरच आहोत, अशी त्याची ठाम समजूत असल्यामुळे गाडी थांबत नाही म्हणून तो पाय आणखी जोराने रोवतो. गाडी आणखी वेग घेते आणि ब्रेक निकामी झाला अशी त्याची खात्री पटते. अपघातानंतर 'मी ब्रेक दाबतच होतो' असे सांगणारा चालक म्हणूनच बहुधा खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटलेले असते. गाडी मागे घेताना ही चूक होण्याचा संभव विशेष असतो. मान व कंबर वळली की पायाची दिशाही त्याबरोबर सरकते, आणि पाय नेहमीच्या जागी पडल्याचा भास तेवढा उरतो.

जपानमध्ये हा विषय राष्ट्रीय चिंतेचा झाला तो वृद्ध चालकांमुळे. टोकियोच्या इकेबुकुरो भागात १९ एप्रिल २०१९ रोजी ८७ वर्षांच्या एका माजी सनदी अधिकाऱ्याच्या गाडीने एका तरुण मातेचा आणि तिच्या लहानग्या मुलीचा बळी घेतला. गाडीतच बिघाड होता, असे तो न्यायालयात सांगत राहिला. न्यायालयाने मात्र त्याने ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबल्याचा निष्कर्ष काढून २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा ठोठावली. आता सप्टेंबर २०२८ पासून नव्या ऑटोमॅटिक मोटारींत, अडथळा समोर असताना अ‍ॅक्सिलरेटर जोराने दाबला गेल्यास वेग रोखणारी यंत्रणा तेथे सक्तीची होत आहे. भारतातील मोटारी अशा यंत्रणेवाचून धावतात. त्यामुळे इथे सारी भिस्त पायाच्या सवयीवर.

ती सवय म्हणजे ऑटोमॅटिक गाडीत दोन्ही पेडल एकट्या उजव्या पायाने हाताळायची. टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकलेली ठेवायची आणि अ‍ॅक्सिलरेटरसाठी फक्त चवडा उजवीकडे वळवायचा. पाय उचलून इकडून तिकडे नेला की नेम चुकण्याची शक्यता निर्माण होते, टाच टेकलेली असली की ती खुंटीसारखे काम करते. डावा पाय कडेच्या विसाव्याच्या पट्टीवर ठेवायचा आणि त्याला निवृत्ती द्यायची. क्लचला सरावलेल्या चालकाला नेमके हेच जड जाते. क्लच जमिनीपर्यंत झटकन दाबायचा, हे वर्षानुवर्षे भिनलेले असते. ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकचे पेडल रुंद असते आणि त्याची डावी कड जवळपास क्लचच्या जागेपर्यंत येते. सिग्नलजवळ येताना डावा पाय सवयीने त्या कडेवर पडतो, तोही क्लच दाबण्याच्या पूर्ण जोराने. गाडी जागच्या जागी गचकन थांबते, आतल्यांची डोकी पुढे आपटतात आणि मागचा रिक्षावाला येऊन आदळतो. शर्यतीतले चालक डाव्या पायाने ब्रेक लावतात, हे खरे आहे. परंतु त्यामागे हजारो फेऱ्यांचा सराव असतो. लक्ष्मी रोडवर किंवा एलबीएस मार्गावर त्याचे अनुकरण करण्याचे काही कारण नाही. शिवाय डावा पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवणाऱ्याच्या गाडीचे मागचे लाल दिवे सदैव पेटलेले राहतात. तो खरोखर केव्हा थांबणार, हे मागच्याला मग कळतच नाही.

दुसरी नवी गोष्ट म्हणजे गाडीचे स्वतःहून सरपटणे. ब्रेक सोडला की अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श न करताही ऑटोमॅटिक गाडी माणसाच्या भरभर चालण्याच्या वेगाने पुढे सरकते. हा दोष नसून सोय आहे. कोंडीत आणि पार्किंगमध्ये गाडी केवळ ब्रेक कमी-अधिक सोडून चालवता येते. पाय पूर्ण वेळ ब्रेकवरच राहत असल्याने पेडल चुकण्याचा प्रश्नच येत नाही. सोसायटीच्या तळघरात गाडी लावताना अ‍ॅक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, न लावणे हा या बाबतीतला सर्वांत स्वस्त विमा आहे. चढावर मात्र या सोयीची मर्यादा उघड होते. अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढावर तोलून धरण्याची जुनी खोड अनेकांना असते. एएमटी गाडीत आतला क्लच त्यामुळे घासत राहून तापतो, कारण क्लचचे पेडल गेले असले तरी क्लच तिथे आहेच. चढावर थांबायचे ते ब्रेकवर किंवा हँडब्रेकवर.

खरी कसोटी लागते ती घाटात, आणि महाराष्ट्रातील शहरी वाहनचालकाला घाट चुकत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा एसटीच्या आणि मालमोटारींच्या जुन्या चालकांचा नियम घरोघरीच्या चालकांपर्यंत झिरपला होता. खालच्या गिअरमध्ये इंजिन चाकांना मागे ओढते, त्यामुळे ब्रेकवरचा भार हलका होतो, हे त्यामागचे तत्त्व. ऑटोमॅटिक गाडीत गिअर चालकाच्या हाती नाही, म्हणून हा नियमही संपला असे अनेकांनी गृहीत धरले. उलट, इथे तो अधिक जाणीवपूर्वक पाळावा लागतो. उतारावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की 'डी'मधील साधी गाडी इंधन वाचवण्यासाठी वरच्या गिअरकडे झुकते, म्हणजे इंजिनचा अटकाव हवा असतो नेमका तेव्हाच तो कमी होतो. काही नव्या गाड्या उतार ओळखून स्वतः खालचा गिअर घेतात, पण सगळ्या नाही. मग सगळे ओझे ब्रेकवर येते.

हे ओझे किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि पायथ्याची खोपोली शंभर मीटरच्याही खाली. म्हणजे बोरघाटात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उतरते. प्रवाशांसह १,२०० किलो वजनाच्या गाडीची यात सुमारे ६५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. साधारण वीस लिटर थंड पाणी उकळीपर्यंत आणायला लागेल इतकी ही उष्णता आहे. त्यातली थोडी हवा आणि टायर खातात, उरलेली एक तर इंजिन शोषते किंवा ब्रेकच्या तबकड्या. चार तबकड्यांनी ती एकट्यांनी सोसायची म्हटले की त्या तापतात, ब्रेकचे पॅड पकड सोडू लागतात आणि करपल्यासारखा वास येतो. त्याहून वाईट असते ते ब्रेक ऑइलचे उकळणे. हे द्रव हवेतील ओलावा शोषत राहते. नव्या 'डॉट ४' द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हाच किमान निकष १५५ अंशांवर येतो. चार पावसाळे कोकणात काढलेल्या आणि ब्रेक ऑइल कधीच न बदललेल्या गाडीत घाटाच्या मध्यावर द्रवात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल सरळ आत जाते. त्याला 'ब्रेक फेल' म्हणतात खरे, पण त्याची सुरुवात घाटमाथ्यावर चुकीच्या गिअरपासून झालेली असते.

तेव्हा उतार सुरू होण्यापूर्वीच गिअरचा दांडा 'एल', '२' किंवा 'एस'वर न्यायचा. एएमटीमध्ये 'एम'वर नेऊन वजा चिन्हाच्या दिशेने गिअर उतरवायचा. इंजिनचा आवाज चढतो, त्याला घाबरायचे कारण नाही. तो काम करत असल्याचा आवाज आहे. ब्रेक वळणाच्या आधी, थोडा वेळ पण ठाम लावायचा आणि मग सोडून द्यायचा, म्हणजे तबकड्यांना वारा लागतो. हलकासा ब्रेक सतत धरून ठेवणे, हा सभ्य वाटणारा प्रकार सर्वांत घातक. एकदम थांबण्याची वेळ आलीच, तर पेडल पूर्ण ताकदीने दाबायचे आणि दाबूनच ठेवायचे. पाय मारमारून ब्रेक लावण्याची जुनी शिकवण एबीएस नसलेल्या गाड्यांसाठी होती. भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे. पेडल पायाखाली थरथरते, तेव्हा यंत्रणा तेच काम माणसापेक्षा अनेक पटींनी वेगाने करत असते. ते थरथरणे बिघाड समजून पाय काढणारेही कमी नाहीत.

घाटात इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिनच बंद करणे, या सवयीची किंमत पुण्याने मोजली आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री कात्रजकडून उतरणाऱ्या एका मालवाहू ट्रकने नवले पुलाजवळ चाळीसहून अधिक वाहनांचे नुकसान केले. चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले. मोटारीतही इंजिन बंद झाले की ब्रेकला साह्य करणारी निर्वात पोकळी दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच टिकते. त्यानंतर पेडल दगडासारखे होते. गंमत अशी की, यात इंधन वाचतच नाही. आजच्या इंजेक्शन असलेल्या इंजिनात गिअर लागलेला असताना पाय उचलला की इंधनपुरवठा जवळपास तोडला जातो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. न्यूट्रलचा उपयोग दोन ठिकाणी. एक, लांबलेल्या सिग्नलला, हँडब्रेक लावून. आणि दोन, अ‍ॅक्सिलरेटर खरोखरच अडकला तर, ब्रेक पूर्ण दाबून इंजिनचा संबंध तोडण्यासाठी. हा दुसरा उपयोग आणीबाणीत सुचावा म्हणून रिकाम्या मैदानात एकदा करून पाहिलेला बरा.

गाडी उभी करण्याचा क्रमही याच जातीचा. आधी ब्रेकवर गाडी पूर्ण थांबवायची, मग हँडब्रेक, शेवटी 'पी'. उलट केले की उतारावर सगळा भार गिअरबॉक्समधील एका लहानशा खटक्यावर येतो. बहुसंख्य एएमटी गाड्यांना 'पी' नसतोच. तिथे हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच बंद करावी लागते.

विजेवरच्या गाड्यांनी हे सगळे आणखी एक पायरी पुढे नेले आहे. त्यांत पाय उचलताच मोटर जनित्रासारखी उलटी चालून बॅटरी भरते आणि गाडीचा वेग उतरतो. शहरात ब्रेकला क्वचितच पाय लागतो. ही सोय अंगवळणी पडली की पाय कायम अ‍ॅक्सिलरेटरवरच विसावतो, आणि संकटात त्याला ब्रेककडे नेण्याचा सराव हळूहळू मोडतो. शिवाय विद्युत मोटर पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर देते, चूक सावरायला इंजिनइतकाही अवधी देत नाही. आणखी एक गोष्ट महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखी आहे. रात्रभर हॉटेलात गाडी शंभर टक्के भरून सकाळी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचे, हा बेत वरकरणी शहाणपणाचा वाटतो. सुमारे तेराशे मीटरच्या त्या उतारात दीड टनाची गाडी तत्त्वतः पाच युनिटांच्या आसपास वीज परत मिळवू शकते. पण ती साठवायला बॅटरीत जागाच नसेल, तर उलटा अटकाव मिळत नाही किंवा फार कमी मिळतो. खोपोलीच्या गणितातली उष्णता पुन्हा तबकड्यांच्याच वाट्याला येते. माथ्यावर बॅटरी थोडी रिकामी ठेवणे, हे विद्युत गाडीचे 'खालचा गिअर घेणे' होय.

यातले काहीही दुर्बोध नाही. चार-पाच तासांच्या सरावात ते कुणालाही अंगी बाणवता येईल. अडचण अशी की, ते शिकण्याची सक्ती कुठेच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ दुचाकीच्या बाबतीत गिअरची आणि बिनगिअरची असा भेद करून वेगवेगळे परवाने देतो. हलक्या मोटारीसाठी मात्र परवाना एकच. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेल्याला क्लचची गाडी चालवता येत नाही. जपानमध्येही १९९१ पासून ऑटोमॅटिकपुरता मर्यादित परवाना आहे. परंतु या दोन्ही देशांच्या नियमांतही गृहीतक एकाच दिशेचे आहे. क्लचची गाडी अवघड, ऑटोमॅटिक सोपी; म्हणून अवघड शिकलेल्याला सोपी आपोआप येते. कुर्ल्याच्या रात्रीनंतर हे गृहीतक तपासून पाहायला हवे होते. सार्वजनिक बससेवेत तरी विद्युत बस हाती देण्यापूर्वी ठरावीक तासांचा सराव आणि स्वतंत्र चाचणी कायद्यानेच बंधनकारक असायला हवी. हा निर्णय कंत्राटदाराच्या सोयीवर सोडण्यासारखा नाही. खासगी चालकासाठी एवढी कडक अट व्यवहार्य नसेल. पण गाडी विकताना पडद्यावरच्या गाण्यांसाठी अर्धा तास देणाऱ्या विक्रेत्याला 'एल' किंवा 'एम' कशासाठी आहे हे दाखवायला आणखी दहा मिनिटे सहज देता येतील.

शिकवणीच्या गाड्यांमध्ये मात्र अजून जुनाच काळ नांदतो आहे. बहुतेक ड्रायव्हिंग स्कूलची गाडी क्लचचीच असते, आणि तिच्यात शिक्षकाच्या पायाशी ब्रेकचे व क्लचचे जादा पेडल असते. विद्यार्थी चुकला की शिक्षक शांतपणे दोन्ही दाबतो. पक्का परवाना हाती पडल्यावर त्यातले अनेकजण पहिलीच गाडी ऑटोमॅटिक घेतात.